आधी वजन, मग सायकल

बमरोलीत डोंगर नाही. टेकाडसुद्धा नाही. सुरतेच्या या भागात मान वर करून बघावं असं काही असेल तर पांडेसराच्या प्रोसेसिंग मिलांची धुराडी आणि एखादा उड्डाणपूल. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन मी जाहीर केलं की मला डोंगरात चालवायची सायकल घ्यायची आहे, तेव्हा आमची अख्खी गल्ली हसली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आधी डोंगर तरी घेऊन ये!"

मला राग नाही आला. प्रश्न बरोबरच होता. पण सुरतेपासून तीन-चार तासांवर डांग आहे, सापुतारा आहे, धरमपूरच्या पुढे विल्सन हिल्स आहे. (हे विल्सन म्हणजे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन वेगळे.) शिवाय वर्षातले आठ-नऊ महिने मी मुंबईत असते आणि इथून येऊर, खारघर काही लांब नाही. आमच्या वर्गातली दोन मुलं रविवारी तिकडे जातात आणि सोमवारी खरचटलेले गुडघे दाखवत बसतात. मलाही ते खरचटलेले गुडघे हवे होते. ते मिळाले, आणि वर एक मोडलेलं मनगटही मिळालं. या लेखात जे म्हणायचंय ते मी त्या मनगटाकडून शिकले.

म्हणणं अगदी साधं आहे. आपण सायकल निवडताना गिअर मोजतो, रंग बघतो, शॉकअप एक की दोन ते बघतो. आपलं स्वतःचं वजन किती, आपण ती कुठे चालवणार, हे ना आपण सांगत, ना दुकानदार विचारत. आणि लाख रुपयांची सायकल असली तरी ती आपल्या अंगाला लावून घेतली नसेल, तर ती दुसऱ्या कुणाची तरी सायकल असते.

माझी पहिली गिअरची सायकल 'डबल शॉकअप'ची होती. नववीत हट्ट करून घेतली. तुमच्यापैकी अनेकांनी ती चालवली असेल, कारण त्या काळात प्रत्येक गल्लीत एक तरी होती. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, सीटखाली एक जाड लाल स्प्रिंग, टायर ट्रॅक्टरसारखे. दिसायला मोटरसायकल. चालवायला मात्र लोखंडी पलंग. पॅडल मारलं की मागची स्प्रिंग खाली-वर, खाली-वर. निम्मी ताकद त्या स्प्रिंगलाच हलवण्यात जायची. उधना-मगदल्ला रोडवरच्या पुलाच्या चढावर आमच्या खात्यातले कामगार जुन्या काळ्या सायकलवर डबा लटकवून मला मागे टाकून जायचे. मला वाटायचं माझ्यातच दम नाही.

आता कळतं की दोष दमाचा नव्हता. नुसती स्प्रिंग म्हणजे सस्पेन्शन नव्हे. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का ती तसाच परत फेकते. तो परत फेकताना वेग आवरायला आत तेल लागतं, आणि ते तेल बारीक भोकातून जायला लागतं. याला डॅम्पिंग म्हणतात. दहा-बारा हजारांच्या डबल शॉकअप सायकलमध्ये बहुधा हे नसतं. म्हणून ती खड्ड्यात बसते आणि खड्ड्यानंतर तुम्हाला उडवते. माझं स्पष्ट मत आहे की कॉलेजच्या मुलामुलींनी या सायकली घेऊच नयेत. तेवढ्याच पैशात बिनशॉकअपची, हलकी, चांगल्या ब्रेकची सायकल येते आणि ती सुरतेत, मुंबईत, जळगावात, सगळीकडे जास्त चांगली चालते.

गंमत म्हणजे ज्यांनी डोंगरात सायकल चालवायचा खेळ सुरू केला त्यांच्याकडे एकही शॉकअप नव्हता. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुण पोरं भंगारातून जुन्या, जाड टायरच्या सायकली उचलायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. १९७६ पासून त्यांनी एका उतारावर शर्यती लावल्या. साधारण दोन मैलांचा रस्ता आणि तेराशे फुटांची उतरण. मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक असायचा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर नवं ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. त्या मंडळींपैकी जो ब्रीझने १९७७ साली खास या कामासाठी फ्रेम बांधली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये 'माउंटनबाइक्स' नावानेच धंदा सुरू केला. पॉल टर्नरचा रॉकशॉक्सचा पहिला चिमटा बाजारात आला तो थेट १९८९ मध्ये, आणि तो जेमतेम दोन इंच दबायचा. १९९६ साली अटलांटाला हा खेळ ऑलिंपिकमध्येही गेला.

म्हणजे आधी उतार होता, मग माणसं होती, मग त्यांच्या गरजेतून सामान आलं. आपल्याकडे क्रम उलटा झालाय. आधी सामान घेतो, मग ते कुठे चालवायचं ते शोधतो.

मीही तेच करणार होते. मला 'ऑल-माउंटन' सायकल हवी होती. हा शब्द कुठून तरी वाचलेला. त्याचा अर्थ नीट समजायला मला महिना लागला, म्हणून इथे सोप्यात सांगते. चिमटा किती मिलिमीटर दबू शकतो त्याला ट्रॅव्हल म्हणतात, आणि ढोबळमानाने त्यावरून डोंगरी सायकलींच्या जाती पडतात. शंभर ते एकशेवीस मिलिमीटर म्हणजे क्रॉस-कंट्री, चढायला हलकी. एकशेवीस ते एकशेचाळीस म्हणजे ट्रेल. एकशेचाळीस ते एकशेसाठ म्हणजे ऑल-माउंटन. ती स्वतःच्या पायांनी डोंगर चढायची आणि दगडधोंड्यांतून उतरायची, दोन्हीसाठी. त्यापुढे एन्ड्युरो, आणि दोनशेच्या आसपास डाउनहिल, जी वर नेताना गाडीतच टाकून न्यावी लागते. ट्रॅव्हल वाढतो तसा पुढच्या चिमट्याचा कोन जास्त कलता होतो. चाक आणखी पुढे जातं, त्यामुळे तीव्र उतारावर आपण हँडलवरून पालथे पडत नाही. पण सपाट रस्त्यावर आणि चढावर तीच सायकल आळशी वाटते, पुढचं चाक इकडेतिकडे भटकतं. फुकट काहीच मिळत नाही.

दुकानात आम्ही तिघं गेलो. मी, मावसभाऊ आणि आप्पा. दुकानदाराने पहिला प्रश्न भावाला विचारला, "बजेट किती?" दुसरा मला, "कलर कुठला पाहिजे?" मी म्हटलं, ऑल-माउंटन पाहिजे. तो एकदम खूश झाला आणि आम्हाला वरच्या मजल्यावर घेऊन गेला. तिथे पुढेमागे दोन्हीकडे एकशेपन्नास मिलिमीटर ट्रॅव्हल असलेली एक सुंदर हिरवी सायकल टांगली होती. किंमत एक लाख सत्तर हजार. हप्त्याने मिळेल म्हणाला. माझ्याकडे दहावीच्या शिकवण्या घेऊन जमवलेले सदतीस हजार होते आणि आप्पा पंधरा घालणार होते. उरलेल्याचे चोवीस हप्ते. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात हिशेब करून 'हो' म्हटलंही होतं.

आप्पा लूमच्या खात्यात मास्तर आहेत. अमळनेरकडून तीस वर्षांपूर्वी आले, तेव्हापासून बमरोली-पांडेसरा सोडून कुठे गेले नाहीत. त्यांनी सायकलीला हात लावला नाही, किंमतही पुन्हा विचारली नाही. फक्त विचारलं, "ही केवढ्या वजनाच्या माणसासाठी लावलेली आहे?" दुकानदार म्हणाला, "काका, ही सगळ्यांना चालते." आप्पा खाली उतरले. बाहेर येऊन मला अहिराणीत म्हणाले, "सगळासले चालस ती कोनलेच चालत नही." जी सगळ्यांना चालते ती कुणालाच चालत नाही.

मी चिडले होते. दोन दिवस बोलले नाही. पण वही घेऊन बसले आणि खरा हिशेब मांडला. वर्षात मी सायकल किती दिवस चालवीन? समजा दीडशे. त्यातले डोंगरात किती? फार तर पंचवीस. बाकी सगळे कॉलेजला जायचे, नाहीतर डुमसच्या रस्त्यावर सकाळी चालवायचे. मागच्या शॉकअपला दर काही महिन्यांनी सर्व्हिस लागते, फ्रेमच्या सांध्यांमधली बेअरिंग बदलावी लागतात, चिखलात ती लवकर जातात, आणि सुटे भाग मागवून घ्यावे लागतात. हप्ता चालू असताना हे करणार कोण?

मग ठरवलं, हार्डटेल घ्यायची. म्हणजे मागे शॉकअप नाही, पुढे मात्र चांगला, हवेचा. मुंबईत एकाकडे तीन वर्षं वापरलेली मिळाली. एकशेचाळीस मिलिमीटरचा एअर चिमटा, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, आणि चालता चालता बटणाने खालीवर होणारी सीट. चाळीस हजार. उरलेल्या पैशांत हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड आणि नवे टायर.

काहीजण म्हणतील की ही ऑल-माउंटन नाहीच, मागे शॉकअप नाही तर कसली? त्यांचं काही अंशी बरोबर आहे. सलग मोठ्या दगडांतून वेगाने उतरायचं असेल तर मागचा शॉकअप मागच्या चाकाला जमिनीला चिकटवून ठेवतो, ते हार्डटेलला जमत नाही. जे पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतात किंवा दर शनिवारी सह्याद्रीत जातात, ज्यांच्याकडे पैसे आहेत आणि देखभालीला वेळ आहे, त्यांनी जरूर पूर्ण सस्पेन्शनची घ्यावी. माझा आक्षेप त्या सायकलीला नाही. हिशेब न करता ती घेण्याला आहे.

इथपर्यंत मी शहाण्यासारखी वागले. पुढे मूर्खपणा केला.

सायकल आणली ती तशीच जानेवारीत विल्सन हिल्सला नेली. मावसभाऊ, त्याचे दोन मित्र आणि मी, टेम्पोत चार सायकली घालून. वर डांबरी रस्ता आहे. खाली पाड्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत, पावसाने चिरलेले, वर सुटा मुरूम आणि मुठीएवढे दगड. पहिल्या दहा मिनिटांतच माझे तळहात बधिर झाले. मला वाटलं डोंगर असाच असतो. एका डावीकडच्या वळणावर पुढचं चाक दगडावर बसायच्या ऐवजी दगडावरून उडालं, बाजूला सरकलं आणि मी उजव्या हातावर पडले. पाड्यावरच्या एका दादांनी मोटरसायकलवरून धरमपूरला पोचवलं. ते कुकणा बोलत होते, मी अहिराणी, आणि आमचं छान जमलं. मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे.

घरी सगळ्यांनी दोष सायकलीला दिला, मला दिला, डोंगराला दिला. आप्पांनी चिमट्याच्या चकचकीत नळीवरची एक छोटी रबरी रिंग दाखवली. "ही कशासाठी?" मला माहीत नव्हतं. मग प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून, डाव्या हाताने मी वाचायला बसले.

ती रिंग सांगते की चिमटा किती दबला. सगळ्यात जोराने पडले त्या दिवशीसुद्धा माझा चिमटा एकशेचाळीसपैकी सत्तर मिलिमीटरही दबलेला नव्हता. म्हणजे मी वापरलाच नव्हता. आधीच्या मालकाला फोन केला. त्याचं वजन ब्याऐंशी किलो. त्याने त्याच्या वजनाप्रमाणे हवा भरली होती. माझं एकावन्न. मी त्याच्या सायकलवरून पडले होते.

यातून मला जे कळलं ते फक्त माझ्यापुरतं नाही. साध्या स्प्रिंगचे चिमटे कारखान्यातून येतात तेव्हा त्यांत मधल्या ताकदीची स्प्रिंग असते, साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला धरून. आपल्या वर्गातल्या किती मुली, किती मुलं त्या वजनाची आहेत? पन्नास किलोच्या मुलीला तो चिमटा दगडासारखा वाटतो आणि मग आपण म्हणतो, "मुलींना डोंगरात जमत नाही." संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बायकिंगमध्ये राष्ट्रीय विजेती झाली. जमतं म्हणजे काय ते तिच्याकडे बघावं. फरक एवढाच की स्पर्धेला उतरणाऱ्यांची सायकल त्यांच्या वजनाला लावलेली असते, आपली नसते.

प्लास्टर निघाल्यावर सायकल लावायला घेतली. शॉकअपचा वेगळा हातपंप मिळतो. तो घ्यावाच. चाकात हवा भरायचा पंप इथे चालत नाही, कारण चिमट्यातली जागा इतकी थोडी असते की एका दाबात काटा कुठल्या कुठे जातो. आमच्या कामाची सगळी भाषा इंग्रजीत होती आणि आप्पांना इंग्रजी येत नाही, म्हणून आम्ही आमचे शब्द केले. सॅगला म्हटलं 'बैठक', रिबाउंडला 'उसळी', कम्प्रेशनला 'दाब'. वाङ्मय मंडळाच्या अंकात हे सांगायला मला आनंद होतो की हे तीन शब्द केल्यावर मलाच तो विषय पहिल्यांदा नीट समजला.

बैठक म्हणजे आपण नुसते उभे राहिल्यावर, कुठलाही धक्का नसताना, चिमटा किती खाली बसतो ते. पूर्ण कपडे, हेल्मेट, पाठीवर पाण्याची पिशवी घालून दोन्ही पॅडलवर उभं राहायचं. दुसऱ्याने सायकल धरायची. रिंग खाली सरकवायची, हळूच उतरायचं आणि मोजायचं. पुढच्या चिमट्याला एकूण ट्रॅव्हलच्या साधारण वीस टक्के बैठक चांगली. मागे शॉकअप असेल तर तिथे पंचवीस ते तीस टक्के. माझ्या चिमट्याला वीस टक्के म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटर. मोजलं तर बारा आले. पंप लावला, काटा शंभरवर. थोडी थोडी हवा सोडत पंचावन्नवर आलो. दर वेळी चिमटा चार-पाचदा पूर्ण दाबायचा, म्हणजे आतल्या दोन कप्प्यांतली हवा सारखी होते. नाहीतर मोजमाप चुकतं. आणि पंप काढून पुन्हा लावला की काटा खाली दिसतो. घाबरायचं नाही, तेवढी हवा पंपाच्या नळीत गेलेली असते. ज्यांचा चिमटा साध्या स्प्रिंगचा आहे त्यांना वरचं बटण फिरवून बैठक थोडी बदलता येते, पण स्प्रिंगची ताकद तीच राहते. त्यांना स्प्रिंगच बदलावी लागते.

आता सगळं ठीक होईल असं वाटलं. नाही झालं. आमच्या गल्लीच्या टोकाला ड्रेनेजसाठी रस्ता खोदून नुसता बुजवलाय. लागोपाठ सात-आठ उंचवटे. त्यावरून गेले की पहिला मऊ लागे, दुसरा बरा, आणि पाचव्यापर्यंत हँडल खाली खाली जाऊन चिमटा पुन्हा दगड. मला वाटलं हवा कमी झाली, परत भरू. मी पंप उचलला आणि आप्पांनी हात धरला.

"एक टाइमले एकच नट फिरावनं." एका वेळी एकच नट फिरवायचा.

लूमवर ताणा तुटायला लागला की नवीन मुलं घाबरून चार ठिकाणी पाना लावतात, असं ते सांगतात. ताण कमी करतात, वेग बदलतात, आणखी कुठे तरी हात घालतात. मग कापड सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर परत कुठे जायचं तेही कळत नाही. मास्तर एक नट फिरवतो, दहा मिनिटं कापड बघतो, मग दुसरा. तार फार ताणली तर तुटते, ढिली सोडली तर कापड लहरी येतं. बरोबर ताण सगळ्या मागांना एकच नसतो.

म्हणून हवा तशीच ठेवली आणि उसळी बघितली. चिमट्याच्या एका पायाच्या तळाला लाल बटण असतं. त्यावर बहुतेक वेळा एकीकडे ससा आणि एकीकडे कासव काढलेलं असतं. कासवाकडे फिरवलं की आतलं तेलाचं भोक लहान होतं आणि चिमटा हळू वर येतो. सशाकडे फिरवलं की पटकन. ब्याऐंशी किलोच्या मालकाची हवा जास्त होती, म्हणजे परत फेकणारा जोर जास्त, म्हणून त्याने कासवाकडे ठेवलं होतं. हवा कमी केल्यावर तेच कासव मला जड झालं. एका खड्ड्यातून चिमटा पूर्ण वर यायच्या आत दुसरा खड्डा यायचा. दोन कट्ट सशाकडे, पुन्हा त्याच उंचवट्यांवरून. परत एक कट्ट. चौथ्याला हँडल हातात नाचायला लागलं, म्हणून एक मागे. जास्त सशाकडे गेलंय का ते ओळखायची घरगुती खूण अशी: हँडल जोरात दाबून एकदम सोडायचं. पुढचं चाक जमिनीवरून उडालं तर उसळी जास्त आहे.

दाबाचं बटण वर असतं. त्याला आम्ही हातच लावला नाही, पूर्ण उघडं ठेवलं. टायरमधली हवा मात्र कमी केली. मी चाळीस भरून फिरत होते, माझ्या वजनाला आणि या टायरला तीसच्या खाली पुरे होतं. शॉकअपच्या आधी टायर हाच पहिला शॉकअप असतो, आणि तो सगळ्यांकडे असतो. ट्यूबचा टायर असेल तर मात्र फार कमी करू नये, दगडावर ट्यूब चिमटून दोन भोकांचं पंक्चर होतं.

वहीत दोन पानं भरली. तारीख, हवा, बैठक, किती कट्ट, कसं वाटलं. चार संध्याकाळी लागल्या आणि खर्च झाला फक्त पंपाचा. मार्चमध्ये पुन्हा त्याच रस्त्यावर गेले, त्याच वळणावर. यावेळी चाक दगडावर बसलं आणि पुढे गेलं. उतरल्यावर रिंग बघितली. एकशेपंचवीस मिलिमीटर. आता चिमटा कामाला लागला होता.

"हे सगळं श्रीमंतांचं खेळणं," असं आमच्याच मंडळातल्या एका मित्राने म्हटलं. चाळीस हजार ही माझ्या घरात मोठीच रक्कम आहे, मी नाकारत नाही. पण मी जे सांगतेय ते कमी पैशांतल्याच लोकांना जास्त लागू आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत तो सायकल पटली नाही तर दुसरी घेतो. आपल्याला जी आहे तीच लावून घ्यावी लागते. सीट योग्य उंचीवर नेणं, टायरची हवा आपल्या वजनाप्रमाणे ठेवणं, हे कुठल्याही जुन्या सायकललाही लागू आहे आणि फुकट आहे. आमच्या गल्लीत पाळीला जाणारे निम्मे लोक सीट चार बोटं खाली ठेवून चालवतात आणि गुडघे दुखतात म्हणून तेल चोळतात.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली दुकानदारांना. शिंपी माप न घेता कपडा शिवत नाही. हजारांची सायकल विकताना एक वजनकाटा ठेवा, विचारा कुठे चालवणार, आणि चिमट्याची हवा लावून मग सायकल द्या. त्याला पंधरा मिनिटं लागतात. दुसरी आपल्या कॉलेजच्या सायकल चालवणाऱ्यांना. प्रत्येकाने पंप घ्यायची गरज नाही. वर्गणी काढून एक ठेवू, सोबत एक वही. ज्याने त्याने आपले आकडे त्यात लिहावेत, मराठीत. इंग्रजी पुस्तिकेला घाबरून कुणी कारखान्याने दिलेल्या सेटिंगवर वर्षानुवर्षं चालवत राहू नये.

आणि सामान सांभाळा. डोंगरातून आल्यावर चिमट्याच्या नळ्या ओल्या फडक्याने पुसा, कारण त्यावरची धूळ आत गेली की सील जातं. पावसात आमच्याकडे खाडीचं पाणी रस्त्यावर येतं, त्यातून सायकल काढली तर त्याच दिवशी पुसा. साधारण पन्नास तास चालवल्यावर खालचं तेल बदलून घ्या.

ती एक लाख सत्तर हजारांची हिरवी सायकल मला अजून आवडते. पुढच्या वेळी दुकानात गेले तर तिच्यावर बसूनही बघीन. पण दुकानदाराने कलर विचारायच्या आधी मीच त्याला सांगणार आहे, "एकावन्न किलो. पाठीवरच्या पाण्यासकट त्रेपन्न."